व्हॅरम पर्सीचं पडकं चर्च: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही लीड्सला राहतो. उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच. आई-बाबा, सासूबाई, मावशी, कॉलेजचे मित्र. यॉर्क मिन्स्टर बघून झालं, व्हिटबीचा समुद्र झाला, की आम्ही त्यांना व्हॅरम पर्सीला नेतो. निघताना बहुतेकांचा चेहरा 'पडक्या चर्चात काय बघायचं' असा असतो. परतताना गाडीत जे प्रश्न सुरू होतात ते जेवणाच्या टेबलापर्यंत संपत नाहीत. ते सगळे इथे गोळा केले आहेत, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना नुसती लिंक पाठवता येईल.

हे आहे कुठे आणि नेमकं आहे काय?

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थ यॉर्कशर परगण्यात. मॉल्टन नावाच्या बाजारगावापासून साधारण दहा किलोमीटरवर, यॉर्कशर वोल्ड्स म्हणतात त्या खडूच्या टेकड्यांमध्ये एक अरुंद दरी आहे. त्या दरीत मध्ययुगीन गाव होतं, व्हॅरम पर्सी. पर्सी हे इथल्या जमीनदार घराण्याचं नाव. गाव इ.स. १५००च्या आसपास उठलं. घरांची जागा आज गवताखाली आहे. उभं राहिलंय ते एकटं सेंट मार्टिनचं चर्च: छप्पर नाही, मनोरा अर्धा ढासळलेला, भोवती दफनभूमी, खाली एक तळं.

इंग्लंडात अशी ओसाड पडलेली मध्ययुगीन गावं हजारांनी आहेत. पण सर्वांत जास्त अभ्यास झालेलं गाव हेच.

पण पडक्या चर्चात बघायचं काय? मूर्ती नाही, काचचित्रं नाहीत.

भिंती बघायच्या. खरंच सांगतो, नुसत्या भिंती.

दक्षिणेच्या बाजूला उभे राहा आणि मुख्य दालनाच्या लांब भिंतीकडे बघा. दगडांत कमानींच्या रेषा दिसतील, पण कमानी उघड्या नाहीत. त्या बुजवलेल्या आहेत. कमानीचे दगड नीट घडीव, आणि मधली भरणी मात्र वेगळ्या हाताची, वेगळ्या मापाची. त्या भरणीतच एखादी खिडकी बसवलेली आहे, जणू दार बंद करताना कोणाला तरी उजेडाची आठवण झाली.

याचा अर्थ असा. दहाव्या शतकात इथे आधी लाकडी चर्च होतं. मग दगडाचं छोटं चर्च आलं. गाव वाढलं तशी जागा पुरेना, तेव्हा बाराव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेला आणि पुढे तेराव्या शतकात उत्तरेला पडवी काढली. पडवी हा माझा शब्द, पण तो अगदी चपखल आहे: मूळ भिंतीला कमानी पाडायच्या आणि बाहेरच्या अंगाला उतरतं छप्पर काढून जागा वाढवायची. आपल्याकडे घरात सुना आल्या की जे करतात तेच. नंतर गावातली माणसं घटली. एवढ्या मोठ्या इमारतीची डागडुजी कोण करणार? मग पडव्या पाडल्या, कमानी दगडांनी बंद केल्या आणि पडव्यांच्या खिडक्या काढून भरणीत बसवल्या. पुढे वेदीकडचा पूर्वेचा भागही आखूड केला.

म्हणजे गावाची लोकसंख्या या भिंतीवर लिहिलेली आहे. कमान उघडली तेव्हा गाव भरलेलं, कमान बुजवली तेव्हा गाव रिकामं होत चाललेलं. हे एकदा कळलं की माणसं त्या भिंतीसमोर वीस मिनिटं उभी राहतात. आमच्या मावशीने तर बोट फिरवत सांधा शोधला, "हे बघ, इथून नवीन." नवीन म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं.

हे गाव प्लेगने मेलं ना?

नाही. हा सगळ्यात लाडका गैरसमज आहे आणि मी तो दर उन्हाळ्यात किमान तीनदा खोडतो.

१३४९ साली काळ्या प्लेगने यॉर्कशरमध्ये माणसं मेली, इथेही मेली. पण त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं गाव नांदत होतं, हळूहळू आटत का होईना. प्लेगनंतर मजूर कमी झाले, मजुरी महागली, दुसरीकडे चांगली जमीन मोकळी झाली, तेव्हा या थंड टेकड्यांवर धान्य पिकवत कोण राहणार? जे राहिले त्यांना मेंढरांनी उठवलं. लोकरीला भाव आला होता. नांगर चालवायला माणसं लागतात, मेंढ्यांना एक धनगर पुरतो. १५००च्या सुमाराला हिल्टन या जमीनदाराने शेवटच्या चार कुटुंबांना बाहेर काढलं आणि त्यांची घरं पाडली.

धरणात गाव गेलेल्या घरातला एक मित्र आमच्याबरोबर आला होता. हे ऐकून तो एवढंच म्हणाला, "चारच उरले की उठवायला सोपं जातं."

गाव १५०० साली उठलं, तर चर्च पुढे साडेचारशे वर्षं कोणासाठी चालू होतं?

हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर कळल्याशिवाय ही जागा कळत नाही.

आपल्याकडे देऊळ गावाचं असतं. गाव उठलं तर देव सोबत नेतात किंवा मागे टाकतात. इंग्लंडात चर्च गावाचं नसतं, 'पॅरिश'चं असतं. वसईकडचे मराठी ख्रिस्ती लोक यासाठी 'धर्मग्राम' हा सुरेख शब्द वापरतात. एका धर्मग्रामात अनेक गावं, वाड्या येतात. तिथल्या प्रत्येक माणसाचा बाप्तिस्मा, लग्न आणि माती त्याच चर्चात व्हायची.

सेंट मार्टिनच्या धर्मग्रामात पाच गावं होती: व्हॅरम पर्सी, रेझथॉर्प, बर्डेल, टोथॉर्प आणि थिक्सनडेल. काळाच्या ओघात त्यातली चार उठली किंवा एक-दोन शेतघरांपुरती उरली. एकटं थिक्सनडेल टिकलं, आणि ते इथून टेकडीपलीकडे पाचेक किलोमीटरवर. म्हणजे शतकानुशतकं थिक्सनडेलची माणसं रविवारी टेकडी चढून-उतरून एका नसलेल्या गावातल्या चर्चात येत होती. चर्चच्या दाराशी गावाचं एकही घर उरलेलं नाही, धर्मगुरूचं घर सोडलं तर. तेसुद्धा १५५३ साली जळालं होतं.

ग्राम गेलं आणि धर्मग्राम राहिलं. इथे फिरताना हे एक वाक्य खिशात ठेवा.

मग चर्च बंद कधी पडलं?

१८७० साली थिक्सनडेलला स्वतःचं चर्च मिळालं. स्लेडमियरचे जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी ते बांधवलं, वास्तुरचनाकार जी. ई. स्ट्रीट. नवं चर्च दाराशी आल्यावर टेकडी कोण चढणार? सेंट मार्टिनची माणसं आणखी कमी झाली. १९४९च्या सुमाराला इथली नेमाची उपासना थांबली. मग छपरावरचे शिशाचे पत्रे गेले. शिसं गेलं की पाऊस आत येतो आणि पाऊस आत आला की इमारतीचे दिवस भरतात, हे कोकणात घर असलेल्या कोणालाही सांगायला नको. १९५९ साली मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला. तो आज जसा दिसतो तो त्या दिवसापासून, पुढे आणखी पडू नये म्हणून मजबुतीचं काम केलं तेवढंच.

तेव्हा हे 'मध्ययुगीन भग्नावशेष' आहेत असं कोणी म्हणालं तर हसू येतं. चर्च मध्ययुगीन आहे, पण भग्न झालंय ते आमच्या वडिलांच्या लहानपणी.

तिकीट किती?

फुकट. जागा इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. तिकीटखिडकी नाही, रखवालदार नाही, उजेड असेपर्यंत कधीही जा. वाहनतळही फुकट. माहितीफलक जागोजागी आहेत आणि चांगले आहेत.

जायचं कसं?

गाडी असेल तर मॉल्टनहून बी १२४८ रस्त्याने. व्हॅरम-ले-स्ट्रीट नावाचं शेजारचं, जिवंत गाव ओलांडलं की पुढे उजवीकडे फलक दिसतो. नकाशात नुसतं 'व्हॅरम' टाकू नका. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं आणि व्हॅरम-ले-स्ट्रीटच्या चर्चसमोर उभे राहून "हे तर पडकं नाहीये" म्हणत बसलो. अर्थात ते चर्चही बघण्यासारखं आहे, त्याचा मनोरा अकराव्या शतकातला आहे. पण आपण निघालो होतो दुसरीकडे.

गाडी नसेल तर लीड्स किंवा यॉर्कहून स्कारबरोच्या आगगाडीने मॉल्टनला उतरा. यॉर्कहून पंचवीसेक मिनिटं लागतात. पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, दरीत मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. धडधाकट असाल तर यॉर्कशर वोल्ड्स वे ही पायवाट इथूनच जाते. हंबर नदीपासून समुद्रापर्यंत ७९ मैलांची ती वाट आहे, तिचा एखादा तुकडा चालून येता येतं.

गंमत म्हणजे एके काळी दरीतून रेल्वेच जायची. मॉल्टन–ड्रिफिल्ड ही मार्गिका १८५३ साली सुरू झाली. प्रवासी गाड्या १९५० साली थांबल्या आणि १९५८ साली मालगाड्याही. म्हणजे गाव नसलेल्या दरीत शंभर वर्षं रेल्वे धावली आणि ती गेली तेव्हाच चर्चही गेलं.

आई-बाबांना झेपेल का? गुडघे दुखतात.

खरं सांगायचं तर विचार करून ठरवा. वाहनतळापासून चर्चपर्यंत सव्वा किलोमीटरच आहे, पण जाताना उतार आणि येताना चढ. वाट मातीची, खाचखळग्यांची, पाऊस पडून गेला की खडूची माती साबणासारखी होते. व्हीलचेअर किंवा बाबागाडी नेऊ नका. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. काठी घेऊन, चार ठिकाणी थांबत गेल्या आणि आल्या. उलट माझा तिशीतला मामेभाऊ कोल्हापुरी घालून आला आणि पहिल्याच उतारावर बसला. चपलेला दोष नाही, पण बूट घाला.

स्वच्छतागृह? चहा?

दोन्ही नाही. मॉल्टनलाच उरकून या. डबा आणा, तळ्याकाठी बसून खा, कचरा परत न्या.

गाई-मेंढ्या असतात असं ऐकलं.

असतात. कुरणच आहे ते. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका, फाटक ओलांडलं की लावून घ्या, कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधलेला ठेवा. मेंढ्या मात्र बिनधास्त. पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्यासाठीच गाव रिकामं केलं, तेव्हा मालकी हक्काने चरतात असं आमचे बाबा म्हणाले.

किती वेळ ठेवावा आणि कधी जावं?

चालणं धरून अडीच-तीन तास. भुईवरच्या खुणा बघायच्या असतील तर दुपार टळल्यावर किंवा सकाळी लवकर जा. ऊन तिरपं पडलं की गवताखालचे उंचवटे सावल्यांनी उठून दिसतात. भर दुपारी तेच कुरण सपाट वाटतं. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच अंधार पडतो हे ध्यानात ठेवा. मे-जून सर्वांत छान, फक्त दफनभूमीत गवत वाढलेलं असतं आणि त्यात नेटल, म्हणजे अंगाला लागली की आग करणारी पानं. अख्खी पँट घाला. नेटलला फॉस्फेट भरपूर असलेली माती आवडते आणि माणसं व गुरं दीर्घकाळ राहिलेल्या जागी ती तशी होते. ओसाड गावं शोधणाऱ्यांना ही झुडपं चांगली ओळखीची.

गाव कुठे आहे? मला तर नुसतं गवत दिसलं.

चर्चच्या वर, टेकडीच्या पठारावर चढा. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचे लांबट उंचवटे ओळीने दिसतील. ती घरांची जोती.

हे मला फलकाने नाही, बाबांनी शिकवलं. बाबा निवृत्त तलाठी. इंग्रजी फलक त्यांनी वाचलेच नाहीत. पठारावर दोन मिनिटं उभे राहिले आणि हात करून सांगायला लागले: "हा रस्ता. हे जोतं. हे त्याच्या मागचं परस. तो बांध, दोन परसांमधला. आणि तिकडे ते मोठं जोतं, ते पाटलाचं असणार." मी फलक पडताळून बघितला. रस्ता बरोबर, घरांची ओळ बरोबर, मागची परसं बरोबर, आणि 'पाटलाचं' म्हणाले ते मॅनर हाउस, म्हणजे जमीनदाराचा वाडा. मग चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाशी ते वाकले. काळ्या मातीत पांढरे खडे. खडूचे. "काळी आणि पांढरी," ते म्हणाले, "काळी शेतीची, पांढरी वस्तीची. इथे तर दोन्ही एकाच ढिगात."

आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणतात. चिराग नाही ते, जिथे दिवा लागत नाही ते. रोजच्या बोलण्यात बेचिराख म्हणजे उद्ध्वस्त, जळून खाक, असा अर्थ आता झालाय. पण तलाठ्याच्या कागदावर तो शांत शब्द आहे: शीव आहे, नाव आहे, सर्व्हे नंबर आहेत, वस्ती नाही. व्हॅरम पर्सीला यापेक्षा नेमका शब्द मला इंग्रजीतही सापडलेला नाही.

हे सगळं शोधलं कोणी?

लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड १९४८ साली इथे आले. ते कागदोपत्री असलेली पण नकाशावर नसलेली गावं शोधत होते. १९५० साली त्यांनी खोदायला सुरुवात केली, पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना मिळाले आणि १९९०पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे इथे खोदकाम चाललं. चाळीस उन्हाळे! विद्यार्थी, हौशी, गावकरी असे शेकडो हात लागले. चर्चशेजारी जी नंतरच्या काळातली बंद घरं दिसतात त्यांत त्यांचा मुक्काम असे.

त्याआधी इंग्लंडातल्या इतिहासकारांचं लक्ष किल्ले आणि मठ यांवर असायचं. साध्या कुळाचं घर, त्याची चूल, त्याचा उकिरडा, यासाठी इतका काळ कोणी माती चाळली नव्हती. चर्चच्या आतली जमीनही १९६२ ते १९७४ या काळात उकरली गेली. आधीच्या लाकडी चर्चच्या खांबांच्या खळग्या तेव्हाच सापडल्या.

दफनभूमीत काय दिसतं?

डोळ्यांना थोडं. उभे दगड मोजकेच आहेत, बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. काही कललेले, काहींवर शेवाळं आणि दगडफूल. बाकी सगळी नुसती हिरवळ. पण त्या हिरवळीखाली किमान आठशे वर्षांची माणसं आहेत.

मराठी पाहुणे नेहमी विचारतात, एवढी माणसं पुरली तर दगड इतके कमी कसे? कारण गरिबाच्या थडग्यावर दगड नसायचाच. मध्ययुगात कोरीव शिळा जमीनदाराला किंवा धर्मगुरूला. साध्या माणसाला कफनात गुंडाळून मातीत ठेवायचे, वर मातीचा उंचवटा, आणि तो बसला की संपलं. काही पिढ्यांनी तीच जागा पुन्हा उकरायची. खोदताना जुनी हाडं लागली तर बाजूला सारून नव्याला जागा करायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माझी जागा, माझं नाव, माझा दगड ही हौस नंतरची.

माणसं पूर्व–पश्चिम निजवलेली असतात, डोकं पश्चिमेला. शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा तोंड पूर्वेला असावं म्हणून. चर्चची लांबीही त्याच दिशेने. होकायंत्र नसलं तरी चर्चच्या दफनभूमीत दिशा चुकत नाही.

सांगाडे सापडले म्हणे?

हो, जवळपास सातशे. चर्चच्या आतून आणि दफनभूमीच्या काही भागातून. एका साध्या शेतकरी गावाचे इतके सांगाडे एकत्र अभ्यासायला मिळणं दुर्मीळ, म्हणून त्यांच्यावर आजही संशोधन होतं.

त्यातून काय कळलं? आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होत्या. हे हाडांतल्या नायट्रोजनच्या प्रकारांवरून ताडता येतं, कारण दुधावरच्या मुलाच्या हाडात त्याची वेगळी खूण उमटते. मुलांची वाढ आजच्या मुलांच्या मानाने बरीच मागे होती, पण ती जास्त वर्षं वाढत राहिली आणि मोठेपणी उंचीतला फरक पुष्कळसा भरून निघाला. उतारवयातल्या बायकांची हाडं आजच्या बायकांसारखीच ठिसूळ झालेली होती. दिवसभर शेतात राबून हाडं मजबूत राहतात हा आपला समज इथे तरी टिकला नाही. डॉक्टर असलेली आमची वहिनी या एका मुद्द्यावर वाहनतळापर्यंत बोलत होती.

आणि एक कवटी. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, चाळिशीचा पुरुष. डोक्यात बोथट हत्याराचा जबर घाव. कोणीतरी त्याच्या डोक्याची कातडी बाजूला करून, हाड खरवडून, दाब मोकळा केला. हाडाच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे माणूस त्यानंतर जगला. भूल नाही, दवाखाना नाही, दरीतलं खेडं, आणि माणूस वाचला.

इथे भुतं आहेत का?

मी पाहिली नाहीत. पण इथल्या लोकांना भीती होती, असं हाडं सांगतात.

१९६०च्या दशकात दफनभूमीत नव्हे, तर घरांच्या मध्ये, खड्ड्यांत १३७ मानवी हाडं सापडली. किमान दहा माणसांची. बायका, पुरुष, लहान मुलंही. काळ अकराव्या ते चौदाव्या शतकातला. त्यांच्यावर सुरीचे वार होते, काही मुद्दाम मोडलेली, काही जाळलेली. हे सगळं मेल्यानंतर. २०१७ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसं खाल्ली असतील का, हाही विचार झाला. पण खाण्यासाठी कापताना वार मांसल भागांवर, सांध्यांवर होतात. इथे ते डोकं आणि मान यांच्याभोवती जास्त होते. परके मारले असतील का? दातांच्या तपासणीतून ती माणसं याच भागात वाढलेली निघाली.

मग उरली ती शक्यता अशी की मेलेलं माणूस उठून गावात फिरू नये म्हणून गावकऱ्यांनी प्रेतं उकरून हे केलं. मध्ययुगीन इंग्रज लेखकांनी अशा समजुतीचं वर्णन केलेलं आहे. हे संशोधकांना सगळ्यांत पटणारं स्पष्टीकरण आहे, शाबीत गोष्ट नव्हे. फलकावर किंवा व्हिडिओत 'इंग्लंडचे झॉम्बी' असं काही दिसलं तर तेवढं कमी करून घ्या.

मला यात भूत नाही, ओळख दिसते. ज्यांची प्रेतं त्यांनी उकरली ती माणसं शेजारची होती.

चपला काढायच्या का? कबरीवर पाय पडला तर?

चपला काढायची पद्धत नाही. उलट नेटल लागेल. पाय पडणारच, कारण कबर कुठे आणि कुठे नाही हे कोणालाच माहीत नाही. दिसणाऱ्या थडग्यावर बसू नका, डबा तिथे उघडू नका, मुलांना दगडांवर चढू देऊ नका. फुलं ठेवायची असली तर ठेवा, प्लॅस्टिक नको. अगरबत्ती आणि दिवा नको, वाळलेलं गवत असतं.

घरी आल्यावर आंघोळ करावी लागेल का?

हा प्रश्न हमखास येतो, हळू आवाजात. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे करा. सासूबाई गेल्या गेल्या न्हाणीघरात शिरल्या. त्यांची मोठी बहीण म्हणाली, "पाचशे वर्षांत सुतक फिटलं असेल," आणि चहा टाकला.

दगडावरचं लेखन वाचता येत नाही. घासून बघू का?

नको. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश, काहीही नको. इंटरनेटवर असे उपाय दिसतात, पण ते दगडाचा वरचा पापुद्रा सोलतात आणि अक्षरं कायमची जातात. दगडफूलही खरवडू नका. मोबाइलचा टॉर्च घ्या, दगडाच्या कडेला अगदी चिकटवून आडवा धरा, दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी जॅकेट धरून सावली करा. अक्षरं वर येतात. आम्ही असाच एक दगड संध्याकाळी वाचत बसलो होतो. आधी नुसत्या खाचा होत्या, मग एक आकडा, मग एका बाईचं नाव, तिच्याखाली तिच्या मुलाचं. वय आठवड्यांत दिलेलं होतं.

आठवण म्हणून एखादा दगड आणला तर? ड्रोन?

दोन्हीला नाही. संरक्षित स्मारक आहे. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं तर परवानगीशिवाय गुन्हाच.

मुलं कंटाळतील का?

चर्चमध्ये दहा मिनिटं. तळ्याकाठी तासभर. तळं मूळचं गिरणीसाठी अडवलेलं पाणी, पुढे मासे पाळायला वापरलं. वाटेत बुजवलेल्या कमानी मोजायला लावा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

आपल्याकडे असं काही आहे का?

वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं सगळ्यांना आठवतात, पण ती गोष्ट वेगळी. ते तटबंदीतलं शहर होतं, १७३९च्या मोहिमेनंतर त्याचे दिवस फिरले.

व्हॅरमच्या जवळ जाणारं उदाहरण चक्क अंधेरीत आहे. सीप्झच्या आवारात झाडीत लपलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. जेझुइटांनी १५७९ साली बांधलं, तेव्हा साष्टीतली खेडी होती सगळी. १८४० साली साथीच्या रोगामुळे वस्ती उठली आणि धर्मग्रामाने मरोळला नवं चर्च बांधलं. जुनं तिथेच राहिलं, पुढे त्याच्याभोवती औद्योगिक वसाहत आली. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. एरवी आवारात असंच शिरता येत नाही. दोन्हीकडे छप्पर नसलेल्या भिंती आहेत. पण व्हॅरमला गाव आधी गेलं आणि चर्च नंतर. अंधेरीत धर्मग्राम स्वतःच उठून दुसरीकडे गेलं, म्हणजे ते अजून जिवंत आहे.

आसपास आणखी काय बघता येईल?

व्हॅरम-ले-स्ट्रीटचा मनोरा, वर सांगितला तो. मॉल्टनच्या पलीकडे डरवेंट नदीकाठी कर्कम प्रायरी हा पडका मठ आहे, सुंदर आहे, पण गर्दीची सवय झालेल्यांना तोही शांत वाटेल. मॉल्टनच्या बाजारात पाव आणि चीज चांगलं मिळतं.

आणि पायात बळ उरलं असेल तर थिक्सनडेलपर्यंत चालत जा. पायवाट टेकडीवरून जाते, मग एका खोल गवताळ दरीत उतरते. सव्वा-दीड तास धरा. तिथे १८७०चं ते चर्च आहे, छपरासकट. थिक्सनडेलहून परत येताना मात्र तुम्ही त्या गावच्या माणसांच्याच दिशेने चालत असता: बाप्तिस्म्याला मूल घेऊन, लग्नाला, मातीला. चढ शेवटी संपतो आणि एकदम खाली मनोरा दिसतो. पाऊस असेल तर ही वाट धरू नका.